दोन गाड्यांच्या मधे

माझं चारचाकीचं लायसन्स २००६ सालचं आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअर शिकवले, आठ काढायला शिकवला, चढावर गाडी मागे न येऊ देता कशी उचलायची ते शिकवलं. रिव्हर्स शिकवला तो सरळ रेषेत, थोड्या अंतरापुरता. रस्त्याच्या कडेला एकामागे एक दोन गाड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या मधे आपली लावायची आहे, हा प्रसंग तिथे कधी आलाच नाही. टेस्टच्या दिवशीही कुणी करून दाखवा म्हटलं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मात्र लिहिलेलं आहे, की लायसन्स मागणाऱ्याला गाडी मागे घेत डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत बऱ्यापैकी अचूक घालता आली पाहिजे. हे मी वाचलं ते लायसन्स मिळाल्यावर कितीतरी वर्षांनी.

इतकी वर्षं काही अडलंही नाही. आम्ही सिंहगड रोडला राहतो. सोसायटीत खांबांच्या मधली जागा ठरलेली आहे. यांचं ऑफिस पिंपरीला, ते कंपनीच्या बसनं जातात. गाडी मी न्यायचे ती मंगल कार्यालय, मोठं दुकान, नातेवाइकांची सोसायटी अशी, जिथे आवारात लावायची सोय असेल तिथे. पेठेत जायचं असेल तर स्कूटर. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणींचं असंच आहे. बऱ्याच पुरुषांचंही असंच आहे, हे मी विचारायला लागले तेव्हा कळलं.

गेल्या पावसाळ्यात बाबा मोरीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय ८२. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि मग आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी सुरू झाली. बाबा सदाशिव पेठेत राहतात. वाडा पाडून झालेली इमारत आहे, खाली सभासदांच्याच गाड्या मावत नाहीत, पाहुण्यांची सोय दूरच. फिजिओथेरपीचा दवाखानाही पेठेतच, पण चालत जाण्याजोगा नाही. रिक्षा करून बघितली. चढताना पाय उचलायला लागायचा आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा डोळे मिटून घ्यायचे. आमच्या वॅगनआरची सीट उंच आहे. फार खाली वाकून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या हिशेबानं ती गाडी त्यांना बरोब्बर होती. तेव्हा ठरलं की मीच नेणार.

गाडी चालवायचा प्रश्न नव्हता. लावायचा होता. पहिल्या आठवड्यात मी बाबांना दवाखान्याच्या दारात उतरवायचे, तिथल्या मावशींना खुर्ची आणायला सांगायचे, आणि जागा शोधत पेठेत फिरत राहायचे. शेवटी मंडईजवळच्या वाहनतळावर गाडी टाकून पायी परत. तोवर बाबांचा व्यायाम अर्धा झालेला असायचा. परत जाताना पुन्हा तेच उलट क्रमानं. बाबा काही बोलायचे नाहीत. पण मी दिसले की त्यांचा चेहरा सैल पडायचा, ते मला कळायचं. वाटेत दवाखान्याच्या अगदी जवळ मोकळ्या जागा दिसायच्या. दोन गाड्यांच्या मधे, एक गाडी सहज मावेल अशा. मी त्यांच्याकडे बघत पुढे जायचे.

एक दिवस धीर करून घुसवायला गेले. सरळ पुढून, नाक आत घालून. नाक गेलं, शेपूट रस्त्यावर राहिलं. मागे घेतलं, पुन्हा घातलं, तरी तेच. मागे टेम्पो उभा, त्याच्या मागे आणखी गाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न. हाताला घाम सुटला होता. पलीकडच्या दुकानातला एक मुलगा आला, म्हणाला, "काकू, द्या, मी लावतो." मी उतरले. त्यानं गाडी पुढे नेली, मागे घेत एका दमात आत बसवली. मी त्याला विचारलं, कसं केलंस? तो म्हणाला, "अंदाज येतो हो, काकू. सवयीनं."

हे उत्तर मला पुढे अनेकांनी दिलं. त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना खरंच तसं वाटतं. पण शिकणाऱ्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नसतो. ज्याला अंदाज येत नाही त्यानं काय करायचं? आता मी ठामपणे सांगू शकते की या कामाला अंदाज लागत नाही. लागतात तीन-चार ठरलेल्या खुणा. कुठे थांबायचं, कुठे स्टेअरिंग फिरवायचं, कुठे सरळ करायचं. खुणा एकदा हाती आल्या की सवय आपोआप होते. खुणा नसतील तर नुसत्या सवयीनं चुकीचंच पक्कं होतं.

मोबाईलवर व्हिडिओ बघितले. भरपूर आहेत, पण बहुतेक अमेरिकेतले. तिथे स्टेअरिंग डावीकडे आणि गाडी लावायची उजव्या कडेला. सगळं उलटं करून डोक्यात बसवताना माझा गोंधळ वाढला. कुणाला व्हिडिओ बघूनच शिकायचं असेल तर आपल्याकडचे, इंग्लंडचे किंवा ऑस्ट्रेलियाचे बघावेत. तिथेही गाडी डाव्या बाजूनं चालते.

मग एकदा उलटी घालायचा प्रयत्न केला, रस्त्यावरच. एक गृहस्थ मदतीला उभे राहिले. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत गाडी मागे घेत गेले. ते उभे होते फुटपाथच्या बाजूला. त्यांना मागची गाडी दिसत होती, तिच्या पुढ्यात रस्त्याच्या बाजूनं तिरकी लावलेली मोटारसायकल दिसत नव्हती. सेन्सर वाजत होता, पण तो मागच्या गाडीमुळे वाजतोय असं आम्हा दोघांनाही वाटलं. मोटारसायकल आडवी झाली. आरसा फुटला. मालक शेजारच्याच हॉटेलात चहा पीत होता, त्याला पैसे दिले. तो चांगला वागला. घरी आल्यावर मी कुणाशी फारसं बोलले नाही, आणि पुढचे काही दिवस पुन्हा मंडईला गाडी लावली.

सेन्सरबद्दल इथेच सांगते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. आमच्या गाडीला आहेत. ते उपयोगी आहेत, पण ते फक्त मागे काहीतरी आहे एवढं सांगतात. काय आहे, डावीकडे की उजवीकडे, ते आमच्या गाडीत तरी कळत नाही. बुटका फुटपाथ त्यांना कधी लागतो, कधी नाही. आणि पुढचा डावा कोपरा, जो आत येताना सगळ्यात जास्त घासतो, तिथे सेन्सर नसतोच.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. एसटीत चालक होते, निवृत्त झाले. मी लिफ्टमध्ये सहज त्यांना म्हटलं की मला रस्त्याकडेला गाडी लावता येत नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, रविवारी सकाळी गाडी काढा. मागच्या गल्लीत."

मागची गल्ली पुढे बंद आहे, सकाळी तिथे कुणी नसतं. काकांनी रंगाचे चार रिकामे डबे आणले होते. त्यांत वाळू भरून बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या आणि काठ्यांच्या टोकाला लाल चिंधी. नुसते डबे ठेवले तर ते आरशात दिसत नाहीत, म्हणून काठ्या. पुढच्या दोन काठ्या म्हणजे पुढच्या गाडीचे मागचे दोन कोपरे. मागच्या दोन म्हणजे मागच्या गाडीचे पुढचे दोन कोपरे. डावीकडे खरा फुटपाथ. धक्का लागला तर काठी पडते, नुकसान काही नाही. माझी अर्धी भीती तिथेच गेली.

त्यांनी आधी गाडीत बसूच दिलं नाही. मला बाहेर उभं केलं आणि स्वतः गाडी हळू मागे घेत चाकं दाखवली. पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत. म्हणून पुढे जाताना नाक वळतं आणि शेपूट मागून फरफटत, आतल्या बाजूनं येतं. अरुंद जागेत नाक घातलं की शेपटाला यायला जागाच उरत नाही. उलट घेताना मागची, न वळणारी चाकं आधी आत जातात आणि वळणारं टोक बाहेर मोकळ्या रस्त्यावर राहतं. ते पाहिजे तसं फिरवून शेवटी आत ओढता येतं. जिन्यातून कपाट चढवताना हमाल एक टोक आधी कोपऱ्यात घालतात आणि मग दुसरं फिरवतात, तसंच. हे बघितल्यावर मला पहिल्यांदा पटलं की त्या दिवशी टेम्पोपुढे मी कितीही वेळ खटपट केली असती तरी गाडी आत गेली नसती.

मग जागेचं माप. आमची गाडी ३६५५ मिलिमीटर लांब, म्हणजे बारा फूट. काकांनी पहिल्यांदा चोवीस फूट जागा ठेवली, दुप्पट. मग काठ्या जवळ आणत अठरा फुटांवर आले, म्हणजे दीडपट. "याच्या खाली जाऊ नका. पुढची जागा बघा," म्हणाले. माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याला हे सांगितलं तर त्यानं एक सूत्र काढून दाखवलं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ साली मांडलेलं. गाडी किती लहान वर्तुळात वळते, पुढच्या आणि मागच्या चाकांत किती अंतर, चाकापुढे नाक किती, शेजारची गाडी किती रुंद, एवढं घातलं की एका दमात आत जायला गाडीच्या लांबीपेक्षा किती जास्त जागा हवी ते निघतं. आमच्या गाडीला ते साधारण साडेचार फूट आलं. म्हणजे गणितानं साडेसोळा, काकांच्या अनुभवानं अठरा. तो दीड फूट माझ्यासारख्यांसाठी राखलेला आहे, असं मी समजते. रस्त्यावर टेप घेऊन उतरता येत नाही. मी जागेच्या बाजूनं हळू पुढे जाताना बघते: माझी गाडी संपून आणखी अर्धी मावेल का. शंका आली तर थांबत नाही.

आता खुणा. डाव्या कडेला लावायची असेल तर मी हे असं करते.

जागा दिसली की लगेच डावा इंडिकेटर. जागेच्या पुढे जाऊन पुढच्या गाडीच्या शेजारी समांतर उभी राहते, मधे अडीच फुटांच्या आसपास अंतर ठेवून. तिचं दार उघडलं तर अर्धं उघडेल, एवढं. दोघींचे मागचे बंपर एका रेषेत. ही पहिली खूण. फार जवळ उभं राहिलं तर पुढच्या गाडीला घासायची भीती, फार लांब राहिलं तर आत पोचतच नाही.

इथून स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, आणि गाडी मागे. शेपूट आत वळायला लागतं, नाक उजवीकडे रस्त्यात येतं. आता नजर उजव्या आरशात. मागच्या गाडीचा आधी एक दिवा दिसतो. मग दुसरा. दोन्ही दिवे आरशात दिसले की थांबायचं. ही दुसरी खूण. गाडी इथे तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत असते.

स्टेअरिंग सरळ करून तसंच तिरकं मागे जायचं. किती? पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरमधून सुटेपर्यंत. काका म्हणाले, बॉनेटचा कोपरा बघा. पण माझी उंची कमी आणि या गाडीचं बॉनेट उतरतं, मला कोपरा दिसतच नाही. मग काका बाहेर त्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. मी इंच इंच मागे घेत होते. कोपरा काठीपासून सुटला तसे ते "थांबा" म्हणाले. आतून बघितलं तर काठी पुढच्या काचेत डावीकडे, खालच्या कडेजवळ दिसत होती. मी कपाळाची टिकली काढली आणि काचेवर नेमकी तिथे चिकटवली. ही माझी तिसरी खूण. पुढच्या गाडीचा उजवा टेललाइट टिकलीपाशी आला की कोपरा सुटला. प्रत्येकाची उंची वेगळी, सीट वेगळी, गाडी वेगळी. दुसऱ्याची टिकली आपल्याला चालणार नाही. ती एकदा कुणाला तरी बाहेर उभं करून शोधावी लागते, आणि सीट मागेपुढे केली की पुन्हा बघावी लागते.

तिथून स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे, आणि मागे. नाक आपोआप आत येतं. मागची गाडी जवळ आली की थांबून चाकं सरळ, थोडं पुढे, मधोमध. झालं.

लिहिताना सोपं वाटतं. पहिल्या रविवारी काठ्या सारख्या पडत होत्या. कारण एकच होतं, वेग. काका दर वेळी तेच सांगायचे: "वहिनी, गाडी मुंगीच्या पावलानं, हात भरभर." मी नेमकं उलटं करत होते. गाडी भस्सकन मागे जायची आणि हात स्टेअरिंगवर अडखळायचे. खूण येऊन गेलेली असायची. त्यांनी मग ॲक्सिलरेटरवरून पायच काढायला लावला. सपाट रस्त्यावर आमची पेट्रोल गाडी नुसत्या क्लचवर सरकते. क्लच जिथे पकडतो त्या जागी पाय धरून ठेवायचा, उजवा पाय ब्रेकवर. हे जमायला डावी पोटरी दुखेपर्यंत सराव करावा लागला. मला विचाराल तर पॅरलल पार्किंगमधलं ऐंशी टक्के काम हे आहे. स्टेअरिंगचं गणित एका सकाळी कळतं. क्लचवरचा पाय तयार व्हायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. आत आल्यावर गाडी फुटपाथपासून लांब राहिली तर तिथल्या तिथे पुढेमागे करत बसायचं नाही. त्यानं गाडी फारशी कडेला जात नाही, वेळ जातो आणि धीर सुटतो. मागचं चाक फुटपाथला टेकलं तरी जोर लावायचा नाही, टायरची बाजू घासते, व्हील कॅप जाते. दोन्ही वेळा बाहेर निघायचं, पुन्हा पुढच्या गाडीच्या शेजारी उभं राहायचं, पुन्हा सुरुवात. त्यात कमीपणा नाही. काका म्हणाले, स्टँडवर फलाटाला गाडी लावताना कंडक्टर मागे शिट्टी वाजवत उभा असतो, तरी कधी कधी पुन्हा बाहेर काढून लावावी लागते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस हे म्हणतो, म्हटल्यावर मला बरं वाटलं.

डावा आरसा खाली वळवायचंही त्यांनीच शिकवलं. आमच्या गाडीत आरसा बटणानं हलतो. रिव्हर्स टाकण्याआधी तो थोडा खाली केला की मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही दिसतात. लावून झाल्यावर पुन्हा वर करायचा, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. बाहेर रस्त्याला लागल्यावर डावीकडून येणारी स्कूटर दिसायला तोच आरसा असतो.

गल्लीत जमलं तरी पेठेत जमेल याची खात्री नव्हती. गल्लीत मागे कुणी हॉर्न वाजवत नाही. म्हणून मी बाबांना न घेता सकाळी लवकर एकटी गेले. दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर रस्ता मोकळा. खऱ्या गाड्यांच्या मधे पहिल्यांदा लावली तेव्हा मी बाहेर उतरून चारही बाजूंनी फिरून बघितलं. फुटपाथपासून वीतभर अंतर होतं. मी मोबाईलवर फोटो काढून काकांना पाठवला.

वर्दळीत लावायला लागल्यावर कळलं की मागच्यांना आपला बेत आधी कळणं फार महत्त्वाचं आहे. लोक वाईट नसतात. त्यांना वाटतं आपण उगाच थांबलोय, म्हणून ते मागे येऊन चिकटतात, आणि मग आपल्याला मागे यायला जागाच राहत नाही. यावर उपाय असा सापडला: इंडिकेटर फार आधीपासून द्यायचा, जागेपाशी आल्यावर वेग हळूहळू कमी करायचा, आणि पुढच्या गाडीशेजारी उभं राहिल्याबरोबर पहिलं काम रिव्हर्स गिअर टाकायचं. आरसा वगैरे नंतर. गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. तो दिसला की बरेचजण आपणहून थांबतात किंवा बाजूनं निघून जातात. धोक्याचे चारी दिवे लावायची अनेकांना सवय आहे. मी लावत नाही. मग आपण कुठल्या बाजूला वळणार ते कुणालाच कळत नाही.

तरी दुचाकी येतातच. आपण तिरके होतो तेव्हा नाक उजवीकडे रस्त्यात येतं आणि नेमक्या त्याच क्षणी उजवीकडून कुणीतरी निघतो. म्हणून दुसऱ्या खुणेच्या आधी एकदा मान वळवून खरोखर बघायचं, आरशावर विसंबायचं नाही. कधी आपण पुढे जाऊन उभे राहतो तोवर कुणीतरी त्या जागेत स्कूटर लावून मोकळा होतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मी पुढे निघते.

आणि हॉर्न. हॉर्नचा आवाज आला की माझा पाय क्लचवरून सुटायचा, ते बरेच दिवस गेलं नाही. त्यावर बाबांचा उपयोग झाला. ते शेजारी बसलेले असताना एकदा मागून कुणीतरी सलग वाजवत होता. बाबा दारावरचं हँडल धरून समोर बघत म्हणाले, "आपल्याला घाई नाही." मला ते त्यानंतर दर वेळी ऐकू येतं. वर्दळीत गाडी लावायला मला एक मिनिट लागतं, फार तर दोन. तेवढं थांबून कुणाचंही बिघडत नाही.

पुण्याबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. पेठेत अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या आहेत. विषम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. चुकीच्या बाजूला लावली की टोइंगवाले उचलतात. एकेरी रस्त्यावर याचा अर्थ असा की काही दिवस उजव्या कडेला लावावी लागते. मी सगळा सराव डावीकडचा केला होता. उजवीकडे सगळं उलटं. स्टेअरिंग आधी उजवीकडे, दिवे बघायचे ते डाव्या आरशात, टिकली दुसऱ्या बाजूला. पण खरं सांगते, उजवीकडचं मला सोपं गेलं, कारण फुटपाथ आपल्याच खिडकीतून खाली दिसतो. अडचण वेगळीच निघाली. बाबा पुढे डावीकडे बसायचे, आणि उजव्या कडेला गाडी लावली की त्यांचं दार रस्त्याकडे उघडायचं. वॉकर घेऊन वाहत्या रस्त्यात उतरायचं कसं? मग अशा तारखांना त्यांना मागे, माझ्या सीटच्या मागे बसवायला लागले. ते दार फुटपाथकडे उघडतं. निघताना कॅलेंडर बघायचं आणि त्यावरून बाबांची जागा ठरवायची, असं ते महिने चाललं. डावीकडे लावतानाही फुटपाथला अगदी चिकटवून उपयोग नाही. पेठेतले काही फुटपाथ उंच आहेत, दार त्याच्या कडेला अडकतं आणि म्हाताऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा राहत नाही. एक फूट सोडलेला बरा.

थंडी संपेपर्यंत वॉकर जाऊन काठी आली आणि फिजिओथेरपी थांबली. मी आता बाबांकडे गाडीच घेऊन जाते. त्यांच्या इमारतीसमोर लावते. चढावर मात्र अजून टाळते. तिथे नुसत्या क्लचवर गाडी मागे सरकवणं माझ्या हातात नीट आलेलं नाही, ते काकांकडून शिकायचं राहिलंय.

एक शेवटचं, निघण्याबद्दल. आपण जागा ठेवून लावतो, पण परत येईपर्यंत मागचा-पुढचा बदललेला असतो आणि कधी कधी दोन्हीकडून बोटभर अंतर ठेवून कुणी कुणी लावून गेलेलं असतं. अशा वेळी शर्थ करून काढायला जाऊ नये, रंग जातो. समोरच्या गाडीच्या काचेत फोन नंबर ठेवलाय का ते बघावं. पेठेत बरेचजण ठेवतात. मीही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नंबर लिहून डॅशबोर्डवर ठेवलाय. फोन येतात, बहुतेक बाबांचं जेवण वाढत असतानाच. मी खाली जाते आणि गाडी सरकवून देते.